दुसऱ्याचें मन कोण जाणतो?

मनुष्याचें मन जाणणें किती कठीण आहे, हें चार माणसांत वावरणाऱ्यास सांगावयास नको. गांवांत कोणी दुःखी मनुष्य आपल्या उपदेशकाकडे, शिक्षकाकडे किंवा मंडळीतील एखाद्या वडील माणसाकडे येतो, ओट्यावर बसतो आणि आपलें गाऱ्हाणें सांगूं लागतो. भाऊ विचारीत नाहीं, सून उलट बोलते, मंडळींत आपणांस कोणी किंमत देत नाहीं, असें कांहींतरी त्याचें म्हणणें असतें. तें ऐकतांना ऐकणाऱ्याच्या मनांत दोन विचार उभे राहतात. एक विचार असा कीं, हा बोलतो तें वरवरचें आहे. खरें कारण निराळेंच असून तें ह्यालाही ठाऊक नाहीं, तें आपण हुडकून काढून ह्याच्या पदरांत घातलें पाहिजे. दुसरा विचार असा कीं, ज्याचें दुखणें त्यासच ठाऊक. आपण आधीं नीट ऐकून घ्यावें. ह्या दोहोंपैकीं कोणता विचार खरा, आणि कोणता न्यायाचा, ह्याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या ओट्यावरचा नव्हे. गेल्या सव्वाशें वर्षांत मनुष्यस्वभावाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांमध्यें जे मोठे पक्ष झाले, त्यांतील दोन ह्याच प्रश्नावर एकमेकांपासून वेगळे झाले. एका पक्षास मनोविश्लेषणाचा किंवा मनोगतिक पक्ष म्हणतात. त्याचे मूळपुरुष डॉ. सिग्मंड फ्रॉइड. दुसऱ्यास मानवतावादी मानसशास्त्र म्हणतात. त्यांतील प्रमुख पुरुष प्रो. कार्ल रॉजर्स. नांवें मोठीं आहेत म्हणून वाचकांनीं बिचकूं नये. नांवें परकीं असलीं तरी गोष्ट घरचीच आहे.

डॉ. फ्रॉइड ह्यांचा जन्म १८५६ सालीं मोराव्हिया प्रांतांतील फ्रायबर्ग ह्या गांवीं एका यहूदी कुटुंबांत झाला. तें गांव आज चेक देशांत आहे. ते लहान असतांच कुटुंब व्हिएन्ना शहरीं आलें, आणि १९३८ सालीं नाझी सत्तेच्या भयानें लंडनास जाईपर्यंत त्यांचें बिऱ्हाड तेथेंच होतें. पुढच्याच वर्षीं, १९३९ सालीं, ते लंडन येथें वारले. १८८१ सालीं ते डॉक्टर झाले. त्यांच्याकडे असे रोगी येत कीं, कोणाचा हात हलत नसे, कोणाची वाचा बसलेली असे, कोणास विनाकारण भीति वाटे. पण शरीर तपासलें तर त्यांत बिघाड सांपडत नसे. त्यांचे वडील स्नेही डॉ. ब्रॉयर ह्यांस असा अनुभव आला होता कीं, एक तरुण स्त्री मनांत दडलेल्या जुन्या आठवणी बोलून दाखवी तेव्हां तिचें दुखणें कांहीं काळ हलकें होई. तिनेंच ह्या उपायास ‘बोलण्याचा उपचार’ असें नांव दिलें. उभयतां डॉक्टरांनीं १८९५ सालीं ह्या विषयावर एक पुस्तक छापलें. आजारी माणसाचें बोलणें औषधाइतकें महत्त्वाचें मानून तासन्‌तास ऐकावें, ही रीत येथून सुरू झाली. आणि हा डॉ. फ्रॉइड ह्यांचा उपकार त्यांचे विरोधकही नाकारीत नाहींत.

त्यांचें मत थोडक्यांत असें. मनाचा जो भाग आपणांस दिसतो तो थोडा. न दिसणारा, म्हणजे अबोध मन, फार मोठा. १९२३ सालच्या एका ग्रंथांत त्यांनीं मनाचे तीन कारभारी सांगितले. पहिला ‘इदम्’, म्हणजे जन्मतः असलेल्या वासना; त्यांस ‘आतांच पाहिजे’ एवढेंच कळतें. दुसरा ‘पराहम्’, म्हणजे आईबापांनीं व समाजानें लहानपणीं घातलेले निर्बंध. ते मनांत बसून ‘हें करूं नको’ असें सांगत राहतात. तिसरा ‘अहम्’, तो बिचारा ह्या दोघांची आणि बाहेरच्या जगाची समजूत घालीत दिवस काढतो. जी इच्छा लाजिरवाणी वाटते ती तो दाबून टाकतो. परंतु दाबलेली इच्छा मरत नाहीं. दगडाखालीं सांपडलेली हरळी जशी बाजूनें फुटते, तशी ती स्वप्नांत, चुकून तोंडांतून निघालेल्या शब्दांत किंवा दुखण्याच्या रूपानें वर येते. ह्याचें एक उदाहरण आपल्या परिचयाचें आहे. थोरल्या भावाच्या मनांत धाकट्याविषयीं मत्सर असतो. पण मत्सर करणें वाईट हें तो जाणतो, म्हणून तो मत्सर स्वतःचा म्हणून त्याला दिसतच नाहीं. उलट, ‘धाकटाच माझा हेवा करतो’ असें त्याला मनापासून वाटूं लागतें. हा मनुष्य खोटें बोलत नाहीं. तो स्वतःच फसलेला असतो. आपला दोष दुसऱ्याच्या अंगावर दिसणें ह्याला ह्या शास्त्रांत प्रक्षेपण म्हणतात.

पुढें डॉ. फ्रॉइड ह्यांचे सहकारी त्यांच्यापासून वेगळे झाले. आल्फ्रेड आडलर १९११ सालीं निघून गेले. एका स्विस पाळकाचे पुत्र कार्ल युंग ह्यांचा संबंध १९१३ सालीं तुटला. कामवासनेस डॉ. फ्रॉइड देत होते तितकें महत्त्व द्यावें कीं नाहीं, हें वादाचें एक मुख्य कारण होतें. तथापि मनाच्या तळाशीं झगडा आहे, त्याचें मूळ बहुधा बालपणांत आहे, आणि तो ज्याचा त्याला सहसा दिसत नाहीं, हें ह्या घराण्यांतील बहुतेकांनीं आपापल्या परीनें मानिलें. मनांत आपल्या नकळत पुष्कळ व्यापार चालतात, हें आजचें संशोधनही मान्य करतें; डॉ. फ्रॉइड ह्यांनीं लावलेला तपशील मात्र पुष्कळ ठिकाणीं टिकलेला नाहीं.

आतां ह्या मताची दुसरी बाजू पाहूं. १९०० सालीं एका गृहस्थानें आपल्या अठरा वर्षांच्या मुलीस डॉ. फ्रॉइड ह्यांच्याकडे आणिलें. ग्रंथांत तिला दोरा हें बदललेलें नांव दिलें आहे. तिला खोकला येई, वाचा बसे, आणि जीव नकोसा झाल्याची चिठ्ठी तिनें लिहून ठेविली होती. तिचें म्हणणें असें कीं, बापाच्या एका विवाहित मित्रानें आपल्याशीं अयोग्य वर्तन केलें; आणि बापाचे त्या मित्राच्या बायकोशीं अनुचित संबंध असल्यामुळें तो आपलें म्हणणें खोटें ठरवितो. बापाची इच्छा अशी कीं, डॉक्टरांनीं मुलीस शुद्धीवर आणावें. डॉ. फ्रॉइड ह्यांनीं बापाचें ऐकलें नाहीं. मुलीची हकीगत खरी आहे हें त्यांनीं मान्य केलें. एवढ्यापुरता त्यांचा न्याय चांगला. परंतु पुढें ते तिला सांगूं लागले कीं, तुझ्या मनाच्या तळाशीं त्या मनुष्याविषयीं प्रेम आहे. ती नाहीं म्हणाली, तेव्हां तो नकार म्हणजे दडलेल्या होकाराचीच खूण, असा अर्थ त्यांनीं लाविला. अकरा आठवडे असें चाललें. वर्षाच्या शेवटच्या दिवशीं तिनें ‘आज मी शेवटचीच आलें आहें’ असें सांगितलें, आणि ती निघून गेली. पुढें १९०२ सालीं ती एकदां भेटावयास आली, तेव्हां तिनें सांगितलें कीं, त्या कुटुंबास तोंडावर विचारल्यावर त्या मनुष्यानें आपलें वर्तन कबूल केलें. डॉ. फ्रॉइड ह्यांनीं ही हकीगत १९०५ सालीं छापली, आणि उपचार कां तुटला ह्याचा विचार करतांना, आपणाकडून एक महत्त्वाची गोष्ट वेळेवर ओळखली गेली नाहीं, असें प्रांजळपणें लिहिलें.

वाचकांनीं ह्या गोष्टीवर थोडें थांबावें. जो म्हणतो, ‘तुझें मन मी तुझ्याहून अधिक जाणतों,’ त्याच्या हातीं फार मोठी सत्ता येते. समोरचा ‘होय’ म्हणाला तर होयच. ‘नाहीं’ म्हणाला तरी तो लपविलेला होय. अशा न्यायालयांत आरोपी सुटणार कसा? आणि ही सत्ता बहुधा कोणावर चालते? ज्याच्या शब्दास आधींच वजन नाहीं त्याच्यावर: तरुण मुलीवर, विधवेवर, मजुरावर, लेंकरावर. आपल्याकडे सून आजारी पडली तर ‘ढोंग करते’ असें म्हणावयास कोणास मानसशास्त्राचा ग्रंथ वाचावा लागत नाहीं. ग्रंथ वाचलेल्यानें तेंच अधिक भारी शब्दांत म्हटलें, तर त्या सुनेस काय लाभ?

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. प्रो. कार्ल रॉजर्स ह्यांचा जन्म १९०२ सालीं अमेरिकेंत शिकागो शहराजवळ एका कडक प्रॉटेस्टंट घरांत झाला. त्या घरांत दारू, नाच, पत्ते व नाटक ह्यांस मुळींच जागा नव्हती. ते बारा वर्षांचे असतां कुटुंब शेतीवर राहावयास गेलें, आणि कॉलेजांतही त्यांनीं आरंभीं शेतकीचाच विषय घेतला. १९२२ सालीं जगांतील ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठीं ते चीन देशांत पेकिंग येथें गेले. सहा महिन्यांहून अधिक चाललेल्या ह्या प्रवासांत, तितकींच प्रामाणिक माणसें आपल्याहून निराळें मानूं शकतात, असें त्यांस दिसून आलें. १९२४ सालीं ते न्यूयॉर्कच्या युनियन धर्मशिक्षणशाळेंत दाखल झाले. परंतु दोन वर्षांनीं, ठरीव मतांनीं बांधून घेणारें काम आपल्याच्यानें होणार नाहीं असें वाटून, त्यांनीं ती शाळा सोडली आणि मानसशास्त्राचा मार्ग धरिला. पुढें १९२८ पासून बारा वर्षें त्यांनीं रॉचेस्टर शहरीं अडचणींत सांपडलेल्या मुलांमध्यें काम केलें.

तेथील एक हकीगत त्यांनीं १९६१ सालच्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. एक फार द्वाड मुलगा होता, आणि त्याची आई समंजस बाई होती. रॉजर्स त्या वेळीं फ्रॉइड ह्यांच्या वळणानेंच विचार करीत. त्यांचा निष्कर्ष असा झाला कीं, आईनें मुलास लहानपणीं मनापासून स्वीकारिलें नाहीं, हेंच सर्वांचें मूळ. बैठकीमागून बैठक झाली. ते ही गोष्ट हळुवारपणें तिच्या लक्षांत आणण्याचा यत्न करीत, आणि तिच्या मनास ती पटत नसे. शेवटीं त्यांनीं हात टेकले. आपण दोघांनींही प्रयत्न केला, आतां थांबावें, असें ठरलें. बाई निरोप घेऊन दारापर्यंत गेली, आणि वळून तिनें विचारिलें कीं, येथें मोठ्या माणसांसही मदत करितां काय? ते होय म्हणाले. तेव्हां ती परत येऊन खुर्चीवर बसली आणि आपल्या संसाराची निराशा, नवऱ्याशीं आलेलें अंतर, आपण हरलों ही भावना, हें सर्व तिनें ओतलें. आजवर तिनें दिलेल्या नीटनेटक्या माहितींत ह्यांतलें कांहींच नव्हतें. त्यानंतर पुष्कळ भेटी झाल्या. संसार सुधारला, आणि मुलाचा द्वाडपणाही ओसरला. रॉजर्स ह्यांनीं ह्यावरून धडा घेतला तो असा कीं, कोठें दुखतें, कोणत्या वाटेनें जावयाचें, कोणती गोष्ट खोल गाडली गेली आहे, हें दुःखी माणसासच ठाऊक असतें. आपली हुशारी दाखविण्याचा मोह नसेल, तर त्याच्याच पावलावर पाऊल टाकून चालावें.

दोन स्त्रिया, दोन दारें. एक दारांतून निघून गेली, दुसरी दारांतून परत वळली. दोघींनाही त्यांच्या मनाचा अर्थ दुसऱ्यानें सांगितला होता, आणि दोघींनींही तो नाकारला होता. भेद एवढाच कीं, पहिलीच्या नकारास उत्तर मिळालें, आणि दुसरीच्या नकारापुढें ऐकणारा गप्प राहिला.

ह्या पायावर रॉजर्स ह्यांनीं आपलें मत उभारिलें. त्यांनीं १९४२ व १९५१ सालीं ग्रंथ लिहिले, आणि उपचाराच्या बैठकी यंत्रावर मुद्रित करून, कोण काय बोललें हें अक्षरशः तपासण्याची रीत पाडली. प्रत्येक जिवांत वाढण्याची ओढ असते, असें त्यांचें म्हणणें. लहानपणीं घराच्या तळघरांत सांठविलेले बटाटे त्यांनीं पाहिले होते. अंधारांतही त्यांस फिकट, दुबळे कोंब फुटत आणि दूरच्या लहान खिडकींतून येणाऱ्या उजेडाकडे ते लांबत जात. ज्यांचें जीवन वेडेंवांकडें झालें आहे अशीं माणसें पाहिलीं म्हणजे आपणांस ते कोंब आठवतात, असें त्यांनीं १९८० सालीं लिहिलें. शेतकऱ्यास ह्याचा अर्थ सांगावयास नको. कोंब वांकडा आहे म्हणून बीं दुष्ट ठरत नाहीं. त्यास माती आणि ऊन मिळालें नाहीं. माणसास लागणारी माती व ऊन म्हणजे तीन गोष्टी: ऐकणाऱ्याचा खरेपणा, कोणतीही अट न घालतां दिलेला आदर, आणि दुसऱ्याच्या जागीं उभें राहून त्याचें दुःख समजून घेणें. ह्या तीन गोष्टी मिळाल्या कीं मनुष्य आपलें सत्य आपणच पाहूं लागतो. मुलास ‘तूं अमुक केलेंस तरच तूं माझा’ असें वारंवार ऐकावें लागलें, तर तें स्वतःस काय वाटतें हेंच विसरतें. आणि रॉजर्स ह्यांच्या मतें पुष्कळ दुखणीं येथून सुरू होतात.

ह्याच पक्षांतील दुसरे विद्वान अब्राहाम मॅस्लो. ते १९०८ सालीं न्यूयॉर्क येथें रशियांतून आलेल्या यहूदी आईबापांच्या पोटीं जन्मले. १९४३ सालच्या एका लेखांत त्यांनीं असें मांडलें कीं, माणसाच्या गरजांस पायऱ्या आहेत: आधीं अन्नपाणी, मग निर्भयता, मग आपलेपणा, मग मान, आणि शेवटीं आपल्या अंगीं असलेली शक्ति पूर्णत्वास नेण्याची तळमळ. खालची गरज बऱ्यापैकीं भागली म्हणजे वरची जागी होते. फ्रॉइड ह्यांनीं आजारी मनाचा अर्धा भाग शिकविला, निरोगी मनाचा अर्धा भाग शिकावयाचा राहिला, असा त्यांचा आशय होता.

येणेंप्रमाणें दोन्ही मतें समोरासमोर ठेविलीं असतां भेद स्पष्ट दिसतो. फ्रॉइड ह्यांच्या मतें तळाशीं झगडा आहे. रॉजर्स ह्यांच्या मतें तळाशीं वाढ आहे. एकाची दृष्टि गेलेल्या बालपणाकडे, दुसऱ्याची आजच्या भेटीकडे. पहिल्याच्या मतें शहाणा ऐकणारा अर्थ सांगतो. दुसऱ्याच्या मतें तो अर्थाची वाट पाहतो. एक म्हणतो, माणसाच्या शब्दावर एकदम विसंबूं नको. दुसरा म्हणतो, माणसाचा अव्हेर करूं नको. परंतु साम्यही थोडें नाहीं. दोघांनींही मारझोड, धमकी व उपदेशाचा भडिमार हे उपाय टाकून दिले, आणि दुःखी माणसासमोर बसून त्याचें ऐकण्यास महत्त्व दिलें. आजच्या संशोधनांतही असें आढळतें कीं, पद्धत कोणतीही असो, जेथें उपचार करणारा व घेणारा ह्यांचें नातें विश्वासाचें असतें तेथें गुण अधिक येतो.

येथें आमच्या वाचकांतील कोणी विचारील कीं, मग पापाचें काय? माणूस तळाशीं चांगलाच असेल, तर जगांत एवढा दुष्टपणा आला कोठून? हा आक्षेप रॉजर्स ह्यांच्या तोंडावरच घेण्यात आला. १९५७ सालच्या एप्रिल महिन्यांत मिशिगन विद्यापीठांत त्यांचा व यहूदी तत्त्ववेत्ते मार्टिन बूबर ह्यांचा जाहीर संवाद झाला. माणसाच्या मुळाशीं विश्वास ठेवण्याजोगें कांहीं आहे, असें रॉजर्स म्हणाले. बूबर ह्यांनीं उत्तर दिलें त्याचा भाव असा कीं, जें सर्वांत विश्वासार्ह त्याच्यासमोरच, त्याच माणसांत, जें सर्वांत अविश्वसनीय तेंही उभें असतें. दोन्ही टोकें एकाच माणसाचीं आहेत. पुढें १९८२ सालीं त्यांच्याच पक्षांतील, एके काळीं पाळकाचें काम केलेले, रोलो मे ह्यांनीं रॉजर्स ह्यांस उघडें पत्र लिहिलें, आणि आपला पक्ष दुष्टपणाकडे पुरेसें पाहत नाहीं असा ठपका ठेविला. रॉजर्स ह्यांचें म्हणणें, दुष्टपणा आहे खरा, पण तो समाजाच्या रचनेंतून व अनुभवांतून येतो. ह्या उत्तरानें आमचें समाधान होत नाहीं. समाज तरी माणसांचाच बनलेला आहे. आडांतच नसतें तर पोहऱ्यांत आलें कोठून?

तसेंच फ्रॉइड ह्यांच्या बाजूसही एक मित्र विरोधक लाभला. झुरिचचे पाळक ऑस्कर फिस्टर ह्यांचा व त्यांचा पत्रव्यवहार १९०९ पासून १९३९ पर्यंत, म्हणजे तीस वर्षें चालला. १९२७ सालीं फ्रॉइड ह्यांनीं धर्म हा मनाचा भ्रम आहे असें पुस्तक लिहिलें. फिस्टर ह्यांनीं १९२८ सालीं त्यास छापील उत्तर दिलें, आणि स्नेह तुटला नाहीं. फिस्टर स्वतः मंडळींतील दुःखी माणसांसाठीं मनोविश्लेषणाचा उपयोग करीत. एखाद्याचें शास्त्र घ्यावें आणि त्याचें प्रत्येक मत घेऊं नये, हें शक्य आहे, असें ह्या पाळकाच्या उदाहरणावरून दिसतें.

मग निवाडा काय करावा? आम्हांस असें वाटतें कीं, हीं दोन्ही मतें एकाच माणसावर सारख्याच रीतीनें चालवावयाचीं नाहींत, येथेंच किल्ली आहे. फ्रॉइड ह्यांचा संशय आधीं स्वतःवर चालवावा, आणि रॉजर्स ह्यांचा विश्वास आधीं दुसऱ्यास द्यावा. आपण सहसा ह्याच्या उलट करितों. स्वतःच्या हेतूंवर आपला पूर्ण विश्वास असतो, आणि दुसऱ्याच्या हेतूंवर पूर्ण संशय. कुसळ आणि मुसळ ह्यांचा दृष्टान्त आमच्या वाचकांस नवा नाहीं.

हा निवाडा फ्रॉइड ह्यांच्या शास्त्रास सोडून आहे असें नव्हे. त्यांनीं स्वतः १८९७ सालीं आपल्याच स्वप्नांची व आठवणींची कठोर तपासणी केली होती; आणि १९२० नंतरच्या वर्षांत त्यांच्या पंथांत असा नियमच झाला कीं, दुसऱ्याचें मन तपासूं इच्छिणाऱ्यानें आधीं आपलें मन दुसऱ्या अनुभवी माणसाकडून तपासून घ्यावें. ह्या नियमाचा आमच्या उपदेशकांनीं व पंचांनीं पुष्कळ विचार करावा. अमक्याची तक्रार ऐकतांना मला राग कां येतो? तमकी बाई बोलूं लागली कीं मी घाईनें प्रार्थनेस कां वळतों? ह्या कुटुंबाचा दोष मला चटकन दिसतो आणि त्या कुटुंबाचा दिसत नाहीं, ह्यांत माझ्या जुन्या हेव्याचा किंवा उपकाराचा अंश आहे काय? असे प्रश्न स्वतःस विचारणारा ऐकणारा सुरक्षित असतो.

दुसऱ्यास विश्वास द्यावा, ह्याचा अर्थ त्याचा प्रत्येक शब्द खरा मानावा असा मात्र नव्हे. येथें एक भेद मनांत पक्का असावा. घडलेली गोष्ट एक, आणि सोसलेलें दुःख दुसरें. शेताचा बांध कोणीं सरकविला, पैसे कोणीं दिले, हात कोणीं उगारला, ह्या घडलेल्या गोष्टी आहेत; त्यांस साक्षी, कागद व चौकशी लागते, आणि तेथें दोन्ही पक्षांचें ऐकल्यावांचून निकाल देणें अन्याय होईल. परंतु ‘मला कसें वाटतें’ ह्या प्रश्नास बोलणाऱ्याहून मोठा साक्षी गांवांत नाहीं. त्याच्या दुःखाचा अर्थ त्याच्या तोंडून निघेपर्यंत थांबावें. आपणांस कांहीं निराळें दिसत असेल, तर तें निकाल म्हणून न सांगतां प्रश्न म्हणून विचारावें, आणि तो ‘नाहीं’ म्हणाला तर त्या नाहींला मान द्यावा. तसेंच, ज्यानें इजा केली त्याच्यांतही वाढीचा कोंब आहे हें खरें असलें, तरी म्हणून जिला इजा झाली तिला पुन्हां त्याच्याच हातीं द्यावें असें होत नाहीं. आधीं तिचें रक्षण, मग त्याची सुधारणा. आणि ज्यास नसलेले आवाज ऐकूं येतात, किंवा जो जीव देण्याची भाषा बोलतो, त्यास नुसतें ऐकून परत पाठवूं नये. सोबत जाऊन डॉक्टरांस दाखवावें.

एरिक एरिक्सन नांवाच्या फ्रॉइडपंथी विद्वानाचें एक उदाहरण येथें देण्याजोगें आहे. महात्मा गांधींनीं १९१८ सालीं अहमदाबादेंतील गिरणीकामगारांचा जो लढा चालविला, त्यावर त्यांनीं १९६९ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गांधींच्या अहिंसेविषयीं त्यांस अत्यंत आदर होता. परंतु ते घरच्या माणसांशीं कधीं कधीं कठोर होत, हें त्यांस खटकलें. हें त्यांनीं ग्रंथांतच, दिवंगत गांधींस उद्देशून लिहिलेल्या एका पत्रांत मांडिलें. महात्म्याच्या मनांतील गुंता ह्यांनींही सांगितला, पण पाठीमागें नव्हे, तर समोर बसल्यासारखें, बरोबरीच्या नात्यानें व आदर न सोडतां. दुसऱ्याच्या मनाविषयीं कांहीं बोलावेंच लागलें, तर तें ह्या रीतीनें बोलावें.

आतां आमच्या वाचकांस आमची एकच विनंती आहे. ह्या आठवड्यांत जो कोणी आपल्या ओट्यावर येऊन बसेल, त्याचें म्हणणें मध्यें न तोडतां शेवटपर्यंत ऐकावें. तो उठून निघाला तरी लगेच पाठ फिरवूं नये. पुष्कळदां खरी गोष्ट उंबऱ्यापाशीं गेल्यावरच ओठांवर येते, आणि ती ऐकावयास त्या वेळीं कोणी जागेवर असावें लागतें.